काम चालू असतानाची आवराआवर

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत नोकरी केलेल्या कित्येक फिटर-टर्नर मंडळींचं घरीही एक छोटं वर्कशॉप असतं. सिडकोतल्या घरामागची बोळ, गच्चीवरची पत्र्याची शेड, नाहीतर पार्किंगचा एक कोपरा. खंडेनवमीला ही जागा लख्ख होते, हत्यारं पुसून, तेल लावून पूजेला मांडली जातात. पण काम बंद असताना वर्कशॉप नीटनेटकं ठेवणं सोपं असतं. एक पंप उघडून पडलाय, शेजारी स्टुलाचे पाय डिंक लावून वाळत ठेवलेत आणि तेवढ्यात कुणी मिक्सर आणून ठेवला, की खरी कसोटी लागते.

कारखान्यातली ‘फाइव्ह एस’ पद्धत इथल्या कामगारांना पाठ असते. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणं, सेइटोन म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, सेइसो म्हणजे सफाई. सेइकेत्सु आणि शित्सुके हे पुढचे दोन शब्द ती घडी टिकवण्याबद्दल आणि अंगवळणी पाडण्याबद्दल आहेत. घरी मात्र बहुतेकांची गाडी दुसऱ्या शब्दापाशी थांबते: भिंतीवर खिळे ठोकले, बरण्यांना लेबलं लावली, झालं. हत्याराला जागा मिळते. पण उघडलेल्या यंत्राचे सुटे भाग आज रात्री कुठे राहणार, हे ठरलेलंच नसतं आणि पसारा तिथूनच सुरू होतो.

नाशिकजवळच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग-21 आणि पुढे सुखोई-30 विमानं तयार झाली. विमानाच्या कामात हत्यारांचा हिशेब फार कडक असतो. पेटीतल्या फोममध्ये प्रत्येक पान्ह्याच्या आकाराची खाच कापलेली असते. खाच रिकामी दिसली की पान्हा बाहेर आहे, हे पाहताक्षणी कळतं. विमानाची झाकणं बंद करण्याआधी हत्यारं मोजली जातात, कारण आत राहिलेला एखादा स्क्रू ड्रायव्हर हवेत असताना नियंत्रणाच्या दांड्यात अडकू शकतो. घरी फोम लागत नाही. प्लायवुडच्या फळीवर रोजच्या वापरातल्या दहा-पंधरा हत्यारांभोवती मार्करने रेघ मारली तरी तेच काम होतं. सगळी भिंत रंगवत बसू नये. वर्षातून एकदा लागणारा पुलर पेटीतच बरा.

आता पाण्याचा मोनोब्लॉक पंप घेऊ. बेअरिंग आवाज करतंय, बदलायचं आहे. वायर काढायची, कपॅसिटर डिस्चार्ज करायचा आणि पंप बाकावर घेण्याआधी त्याच्यासाठी काठ असलेला एक ट्रे रिकामा करायचा. मागचं पंख्याचं कव्हर निघालं की त्याचे स्क्रू त्याच भोकांत परत दोन आटे फिरवून ठेवायचे. बरणीपेक्षा ही जागा उत्तम, कारण स्क्रूची लांबी चुकत नाही. पुढचा प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे मांडायचा: पंखा, केसिंग, इम्पेलर, सील. सील कुठल्या बाजूने बसलंय याचा फोटो काढायचा. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर चिठ्ठीवर उतरवायचा आणि ती चिठ्ठी ट्रेमध्येच ठेवायची. बेअरिंग आणायला दुकानात जायचं तर ट्रेवर कापड टाकून तो शेल्फवर सरकवता येतो आणि बाक मिक्सरसाठी मोकळा होतो. एका कामाला एक ट्रे, आणि ट्रे तीनच. चौथा ट्रे नाहीच, म्हणून चौथं काम घ्यायचं नाही, ही मर्यादा मला सर्वांत उपयोगी वाटते.

स्वयंपाक करणारी बाई फोडणी बसेपर्यंत ओटा पुसून घेते, तशी कामातली थांबायची वेळ वापरायची. डिंक वाळतोय, रंगाचा पहिला हात सुकतोय, तेवढ्यात पान्हे फळीवर, ड्रिल बिट डब्यात. दिवसाच्या शेवटी आवरायचं म्हटलं तर अंग दमलेलं असतं आणि ते राहूनच जातं.

धुळीची मात्र चालढकल करू नये. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका जागी आले तर आग लागू शकते, म्हणून धातूचं काम सुरू करण्याआधी भुसा उचलायचाच. उघड्या बेअरिंगजवळ कानस चालवायची नाही. ग्रीसमध्ये गेलेला लोखंडाचा कीस नवं बेअरिंगही खातो. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना आणि नाकाला घातक असते, म्हणून मास्क लावून व्हॅक्यूमने ओढलेली बरी. झाडूने ती पुन्हा हवेत उडते. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून उघड्यावर वाळवावीत. आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कानशी, पटाश्या रात्रीतून गंजतात, म्हणून फळीवर परत लावतानाच तेलाचा हात फिरवायचा.

पंप जुळवून झाला, की स्विच दाबण्याआधी ट्रे पाहायचा. त्यात एखादा वायसर उरला असेल तर तो खिशात टाकायचा नाही. फोटो उघडून तो कुठला ते शोधायचं, मग फळीवरच्या रेघा पाहायच्या, आणि सगळ्या भरलेल्या दिसल्या तरच वायर जोडायची.