पुनर्विवाह केला तर सातबाऱ्यावरचं नाव जातं का?

मागच्या महिन्यात मुरबाडच्या बाजूच्या एका गटात बैठक संपल्यावर गप्पा रंगल्या होत्या. एकीने मोबाइलवर पाहिलेल्या इंग्रजी सिनेमाची गोष्ट सांगितली. जुन्या काळातली अमेरिका, घोड्यावरचा शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदारच म्हणा, आणि एकटीने शेत राखणारी विधवा. शेवटी दोघांचं लग्न होतं. सगळ्या हसल्या. एक सखी मात्र हसली नाही. बाकीच्या उठून गेल्यावर तिने आम्हाला हळूच विचारलं, "ताई, मला ठाण्यातल्या एका हवालदाराने मागणी घातलीय. त्यांची बायको वारली. माणूस चांगला आहे. पण सासू म्हणते, दुसरं लग्न केलंस की सातबाऱ्यावरचं नाव गेलंच समज. खरं आहे का हो हे?"

आज आम्ही तिच्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहोत. नाव सांगणार नाही. तसा हा प्रश्न तिच्या एकटीचा नाहीच.

आधी त्या सिनेमाबद्दल. त्यातल्या बाईकडे शेत होतं, ते काही उगाच नाही. अमेरिकेत 1862 साली कायदा झाला. घर चालवणाऱ्या विधवेलाही 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन स्वतःच्या नावावर मागता येऊ लागली. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, की ती तिची. म्हणून गोष्टीतली विधवा दारात आलेल्या शेरीफाला "विचार करून सांगते" असं म्हणू शकते. पायाखाली जमीन असली की बाईच्या बोलण्याला वजन येतं.

आपल्याकडे काय होतं? विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली 1856 साली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक मेख होती. विधवेने पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपे, जणू ती मेलीच असं समजून. आपल्या कुणबी, आगरी, कोळी, मराठा घरांत पाट लावायची, मोहतुराची चाल जुनीच. रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता पाट लागायचा. या बायकांना लग्नासाठी कायद्याची परवानगी नकोच होती. तरी मुंबईच्या हायकोर्टाने जमीन जाण्याचा नियम त्यांनाही लावला. सासूबाई जे बोलतात ते हवेतून आलेलं नाही. त्यांच्या आजीच्या काळात ते खरंच होतं.

ब्राह्मण घरांत तर लग्नच होत नसे. आपल्या कल्याणचंच उदाहरण बघा. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी इथल्याच. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी. ते बिजवर होते, वयाने खूपच मोठे. बायको गेलेल्या पुरुषाला लहान मुलगी मिळे आणि नवरा गेलेल्या लहान मुलीच्या वाट्याला जन्मभराचं वैधव्य येई.

त्या काळी न्यायखात्यातला एक मोठा माणूसही या परीक्षेत अडखळला. महादेव गोविंद रानडे पुण्यात न्यायाधीश होते, पुनर्विवाहाचा प्रचार करणाऱ्यांत पुढे होते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता ते विधवेशीच लग्न करतील, असं लोकांना वाटत होतं. वडिलांनी आग्रह धरला, आणि 31 वर्षांच्या रानड्यांनी 11 वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं, रमाबाईंनी सेवासदनचं मोठं काम उभं केलं. पण त्या दिवशी वडिलांना नाही म्हणणं न्यायाधीशालाही जमलं नाही.

जमलं ते धोंडो केशव कर्व्यांना. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई त्यांच्या मित्राची बहीण. आठव्या वर्षी लग्न झालं आणि तीन महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. या लग्नापायी मुरुड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. दोघे डगमगले नाहीत. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि गोदूबाई त्याच्यासाठी वर्गणी गोळा करत फिरल्या.

आता आजचा कायदा. 1956 साली हिंदू वारसा कायदा आला. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. समजा, नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीची चार एकर जमीन होती. मागे बायको, दोन मुलं आणि आई आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला एक एकर. हा वाटा नवरा गेला त्याच दिवशी बायकोचा होतो, तोही पूर्ण मालकीने. नंतर तिने पुनर्विवाह केला तरी तो परत जात नाही. सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं आहे. मुलांचा वाटाही मुलांचाच राहतो. एक सांगायला हवं. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, तिथे रूढी बघितली जाते. आपल्या ठाकूर, कातकरी, वारली मैत्रिणींनी आधी वकिलाला विचारावं.

म्हणून सखी, लग्नाआधी एवढं कर. तलाठ्याकडे वारसनोंद झाली का, फेरफारात तुझं नाव आलं का, ते बघ. सातबाऱ्याचा उतारा जवळ ठेव. "नुसती सही कर" म्हणून कोणी कागद पुढे केला तर तो वाचून घे. हक्कसोडपत्रावर सही झाली की हक्क गेला. तुझं नाव पुनर्विवाहाने जात नाही, या सहीने जातं. विधवा म्हणून अनुदान घेत असशील तर लग्नानंतर ते बंद होतं, याचा हिशोब आधीच कर. हवालदारसाहेबांकडे पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला माग. मागायला लाजू नकोस. माणूस फारकत झालेला असेल तर कोर्टाचा हुकूम बघायचा, स्टॅम्पपेपरवर विसंबायचं नाही. आणि लग्नाची नोंद नक्की करायची.

राहता राहिलं गाव. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सरकारनेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. असा ठराव आपल्या ग्रामसभेतही मांडता येईल. गट एकत्र उभा राहिला की वाळीत कोण कोणाला टाकणार?

सासूबाईंनाही एक सांगायचंय. तुमच्या मुलाच्या जमिनीत तुमचाही वाटा आहे. सून लग्न करून गेली तरी तो कमी होत नाही. नातवंडंही तुमचीच राहतात. मग भीती कशाची?

आमच्या सखीने अजून होकार दिलेला नाही. उतारा काढायला ती येत्या सोमवारी तलाठी कार्यालयात जाणार आहे. तिच्यासोबत गटातल्या दोघी जातायत.