घारापुरी: कातळ वजा करून उरलेले मंदिर

पुनावळ्यात इमारत म्हणजे सळई, सिमेंट आणि खालून वर चढत जाणारे स्लॅब. पण देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वरला गेलात की उलटी रीत दिसते. तिथे डोंगर आधी होता, लेणे त्यातून मोकळे केले. महाशिवरात्रीला घोरावडेश्वर चढणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी गेटवेवरून लाँच धरावी आणि तासाभरावरच्या घारापुरीला जावे. कातळ तोच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, पण त्यावर चाललेल्या छिन्नीने तिथे कमाल केली आहे.

घारापुरी बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. इथले मुख्य शैव लेणे साधारण सहाव्या शतकातले. अशा लेण्याचे काम छतापासून सुरू होते आणि जमीन शेवटी येते. खांब उभे करायचे नसतात, ते दगडात राखून ठेवायचे असतात. एक घाव चुकला की बदली खांब कुठून आणणार? तरीही इथले खांब पाहा: खाली चौकोनी, वर पन्हळीदार आणि त्यावर दाबलेल्या उशीसारखे शीर्ष. खांबांवरून छताला तुळयाही कोरल्या आहेत, जणू लाकडी वाडाच.

बहुतेक पर्यटक उत्तरेच्या दाराने शिरतात. समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे 20 फूट उंचीचा सदाशिव दिसतो आणि पाय तिथेच थबकतात. मधला चेहरा ध्यानस्थ, आपल्या डावीकडचा उग्र अघोर, उजवीकडचा कोमल वामदेव. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. पण या वास्तूचा दुसरा अक्ष पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेच्या अंगणाकडून आत पाहिले की खांबांच्या रांगेतून नजर थेट शिवलिंगाच्या गाभाऱ्याकडे जाते. या गाभाऱ्याला चारही दिशांना दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन-दोन भव्य द्वारपाल. एकाच मंडपात दोन दर्शने आणि दोन्ही एकमेकांना न अडवता! माझ्या मते घारापुरीची खरी थोरवी या आराखड्यात आहे, आणि घाईत फोटो काढणाऱ्याच्या हातून तीच निसटते.

हे कोणी घडवले? पोर्तुगिजांनी इथला शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला. त्यामुळे अभ्यासकांची भिस्त नाण्यांवर आहे. बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून अनेक जण कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळाकडे बोट दाखवतात. मूर्तींची मोडतोडही मोठी झाली आणि काही खांब पुढे नव्याने उभारावे लागले. 1987 साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत नाव घेतले, पण बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने कायमची वीज पोचायला 2018 उजाडले.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता बेटावर नाही. 1864 च्या सुमारास त्याचे तुकडे मुंबईला नेले आणि पुढे ते जुळवले. हा हत्ती भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा बेत आखताना वार पाहून घ्या.