विझलेल्या भट्ट्या – भाग ६ : डुइसबुर्गचा गंजलेला बगीचा

मागच्या आठवड्यात रुर खोऱ्यातल्या कोळसा खाणी एकामागून एक कशा बंद पडल्या, ते पाहिलं. खाण बंद झाली की तिचं तोंड बुजवता येतं. लोखंडाच्या कारखान्याचं काय करायचं? आजचा भाग आहे जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहराच्या मायडेरिश भागातल्या कारखान्याचा.

ऑगस्ट थायसन या उद्योगपतीने 1901 मध्ये तो उभारायला घेतला आणि 1903 पासून तिथे लोखंड वितळू लागलं. ते बहुतेक सगळं कच्चं लोखंड असे, थायसनच्याच पोलाद कारखान्यांना पुरवायचं. सत्तरच्या दशकात पोलादाचा बाजार बसला, युरोपात उत्पादनावर कोटा आला आणि 4 एप्रिल 1985 रोजी शेवटची भट्टी विझली. ती होती पाच नंबरची, 1973 मध्ये बांधलेली. म्हणजे जेमतेम बारा वर्षं चाललेली, ऐन उमेदीतली भट्टी.

पाडापाडी होणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पण स्थानिक नागरिक आडवे आले. त्याच सुमारास सरकारने एम्शर नदीच्या खोऱ्याचं रूप पालटायला 1989 ते 1999 असा दहा वर्षांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता, त्यात ही जागा आली. पाच संघांना आराखडे करायला बोलावलं गेलं. निवड झाली पेटर लाट्स या भूदृश्यरचनाकाराची. कारखाना झाकायचा नाही, तोच बगीचा समजायचा, ही त्याची भूमिका. 1994 मध्ये सुमारे 180 हेक्टरचा हा पार्क लोकांसाठी खुला झाला.

इथे फिरायचं तर लोखंड ज्या वाटेने जायचं त्या वाटेने फिरावं. सुरुवात खनिजाच्या कोठारांपासून. काँक्रीटच्या जाड भिंतींचे हे उघडे हौद. त्यांत लोहखनिज, कोक आणि चुनखडी साठवत. आता काही हौदांत छोट्या बागा आहेत आणि काही भिंतींवर गिर्यारोहक मंडळी सराव करतात. हौदांतून माल उचलून झोतभट्टीच्या माथ्यावर नेत आणि वरून आत सोडत. खालून तापलेल्या हवेचा झोत. कोक जळून तयार होणारा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, चुनखडी मातीगाळ शोषून मळी बनवते, लोखंड जड म्हणून तळाशी जमतं. भोकं ठरावीक वेळाने फोडून मळी आणि लोखंड वाहतं करायचं. हे शाळेत आपण सगळ्यांनी आकृती काढून पाठ केलेलं असतं. पण पाच नंबरच्या पायथ्याशी, ओतशाळेच्या वाळूतले ते पाट दिसले की आकृतीतला बाण म्हणजे नेमकं काय, ते कळतं.

शेजारची घुमटाकार उंच नळकांडी म्हणजे हवा तापवायच्या भट्ट्या. झोतभट्टीतून निघणारा वायू धुऊन, गाळून याच भट्ट्यांत जाळत आणि उरलेला यंत्रं चालवायला वापरत. फुकट काही घालवायचं नाही, असा सगळा कारभार. हा वायू साठवायची टाकी 45 मीटर व्यासाची आहे. आज तिच्यात सुमारे 13 मीटर खोल पाणी भरलेलं असतं आणि पाणबुडे त्यात शिकतात. मला ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना चावट वाटली होती. पण टाकी होती, ती गळत नव्हती, मग पाणी भरलं, यात चावटपणापेक्षा शहाणपण जास्त आहे.

पाच नंबरच्या जिन्यांनी वर, सुमारे सत्तर मीटरवर, जाता येतं. उंचीची भीती असेल त्यांनी जाळीच्या पायऱ्यांतून खाली बघू नये. वरून वायव्येला थायसनचाच चालू पोलाद कारखाना दिसतो, धूर सोडत असलेला.

लाट्सची सगळ्यात धीट गोष्ट मात्र खाली, जमिनीशी आहे. दोन भट्ट्यांच्या मध्ये त्याने एक चौक केला: ओतकामात वापरलेल्या लोखंडी पाट्या, सात गुणिले सात, एकूण 49. प्रत्येकीचं वजन सात-आठ टन. रसाचे ओघळ, खड्डे, चिरा, सगळं तसंच ठेवलंय. पाऊस पडला की त्या पाट्यांवर गंजाचं पाणी साचतं. संगमरवर घातलं असतं तर लोकांनी फोटो काढले असते. इथे लोक वाकून हात लावतात.

माती विषारी होती, तिचं काय केलं? बहुतेक ठिकाणी ती उचलून दुसऱ्याच्या गावी टाकली नाही. जिथे जास्त धोका तिथे बंदिस्त केली, बाकी ठिकाणी जे उगवेल ते उगवू दिलं. खनिजाबरोबर परदेशातून आलेल्या बियांची झाडं इथे स्थायिक झाली आहेत. बर्चचं रान तर जणू लावल्यासारखं माजलंय.

आणि एम्शर. या नदीचा एक जुना फाटा पार्कातून जातो. खाणींमुळे जमीन खचायची, पुरलेले नळ फुटायचे, म्हणून या खोऱ्यात मैलापाणी उघड्या काँक्रीट कालव्यांतून वाहायचं. लाट्सच्या योजनेत मैलापाणी जमिनीखालच्या मोठ्या नळात गेलं आणि वर पावसाचं स्वच्छ पाणी आलं. पण कालवा सरळच राहिला. खोटी वळणं काढायला माती खणावी लागली असती, आणि तीच तर विषारी. मला हे पटतं. नदीचं सोंग करण्यापेक्षा नीटनेटका कालवा बरा.

माझं मत असं, की या पार्काचं यश त्याच्या सौंदर्यात नाही, त्याच्या न झाकण्यात आहे. ही जागा बघायला प्रवेशशुल्क नाही, फाटक रात्रीही उघडं असतं. डुइसबुर्गच्या मुख्य स्टेशनवरून 903 नंबरची ट्राम येते. जाणारच असाल तर आठवड्याअखेरीस, अंधार पडताना जा. जोनाथन पार्क या इंग्रज कलावंताने 1996 मध्ये केलेली रंगीत दिव्यांची रचना तेव्हा दिसते. पुढच्या भागात फ्योल्कलिंगेनचा कारखाना, ज्याला 1994 मध्येच जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.