ओसरीवरची पाहुणी

मी भाषेचा मास्तर. पण एका भाषेचे चरित्र वाचून थक्क झालो. तिचे नाव जावास्क्रिप्ट. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. काम एवढेच, की वेबपानांत थोडी हालचाल आणायची. परक्या पानाबरोबर ती आपल्या घरी येणार, म्हणून तिला ओसरीवरच बसविले. संगणकातल्या फायलींना हात लावायची मुभा नव्हती.

पुढे तीच भाषा येणारे पुष्कळ झाले आणि म्हणू लागले, ‘हिला माजघरात येऊ द्या!’ २००९ साली नोड.जेएसने तिच्यासाठी फायलींचे दार उघडले. २०१३ साली सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनने तिला स्वतंत्र खिडक्या आणि मेनूही दिले. मात्र असा प्रत्येक प्रोग्राम क्रोमियम हा अख्खा ब्राउझर बरोबर आणतो. पाहुणी आली ती बिऱ्हाडासकट! संगणकाची मेमरी त्यातच अडकते.

जागेचे एक वेळ सोसता येईल. पण ओसरीवरच्या चुकीने फार तर सतरंजी मळते, माजघरातल्या चुकीने कपाट उघडे पडते. मागणी गैर नव्हती, वाचकहो; किल्ल्या तेवढ्या मोजून द्याव्यात.