पोहायला शिकवू या, पण मान सांभाळून

हूरा भागातल्या अनेक उंच इमारतींच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी बालगोपाळ मंडळी तिथे धुमाकूळ घालतात आणि डाऊन सिंड्रोम असलेले मूल आईचा हात धरून काठावर बसते. आईवडिलांची भीती समजण्यासारखी आहे. पण काठावर बसवल्याने मूल सुरक्षित होत नाही. यांतली बरीच मुले नजर चुकवून निघून जातात, आणि लिफ्टचे बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? म्हणून या मुलांनी आधी पोहायला शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यामुळे स्नायू सैल आणि सांधे लवचिक असतात. जमिनीवर लवकर दमणाऱ्या शरीराला पाणी तोलून धरते.

मात्र डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्याच. पहिली हृदयाची, कारण सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. दुसरी मानेची. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा ढिला असतो आणि डोके आपटले किंवा जोरात वाकले तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणूनच स्पेशल ऑलिम्पिक्सने १९८३ मध्ये तपासणीशिवाय सूर मारण्यास व बटरफ्लाय पद्धतीस मनाई केली. लक्षणे नसताना सरसकट क्ष-किरण फोटो काढण्याचा सल्ला आता दिला जात नाही. पण मान दुखणे, ती एकीकडे कलणे, चाल बिघडणे, हातातले बळ कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले तर पोहणे थांबवून तडक दवाखाना गाठावा.

आता शिकवण्याचे. आपल्याकडे पाठीला भोपळा बांधून मुलाला विहिरीत ढकलून देत आणि मूल पोहायला शिके! ती रीत इथे मुळीच चालायची नाही. या मुलांचे तोंड बरेचदा उघडे राहते, पाणी आत जाते आणि पहिल्याच दिवशी धास्ती बसते. तेव्हा आरंभ फुंकरीपासून करावा. घरी बादलीत तोंड धरून बुडबुडे काढायचे, मग तलावाच्या उथळ भागात. अनेकांना ऐकू कमी येते. त्यातून पाण्यात शिरताना श्रवणयंत्र आणि चष्मा दोन्ही उतरतात. काठावरून ओरडणारा शिक्षक त्यांच्या काय उपयोगाचा? त्याने पाण्यात हातभर अंतरावर उभे राहून स्वतः करून दाखवावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तराला सवड द्यावी. इतरांना जे आठवड्यात येते त्याला महिने लागतील, हे शिकवणी ठरवतानाच त्याला सांगून ठेवावे.

अमेरिकेच्या कॅरन गॅफनी यांना डाऊन सिंड्रोम आहे. २००१ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार करणाऱ्या रिले चमूत त्या होत्या. २००७ मध्ये टाहो सरोवराच्या थंडगार पाण्यात त्या एकट्या नऊ मैल पोहल्या.