विजयानंतरची अटक

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात सुरू झालेल्या भारतीय लष्कराच्या पोलीस कारवाईने निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या जुलमातून मराठवाड्याची मुक्तता केली, हे निर्विवाद असले, तरी त्यानंतर नांदेड जिल्ह्यात आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर येथे निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याचा उल्लेख मुक्तिगाथेत क्वचितच आढळतो. संस्थानभर हजारोंना अटकेत टाकण्यात आले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने तर कित्येक ठिकाणी सैनिकांनीच प्रौढ पुरुषांना गावांतून बाहेर काढून ठार केल्याचे नोंदविले. कर्ता पुरुष असा नाहीसा झाला, की जिवंतपणाची ग्वाही वा मृत्यूचा दाखला हाती नसलेल्या घराचा शोक, वारसा आणि चरितार्थ, सारेच खोळंबते. समितीचा अहवालही अनेक दशके दप्तरबंद राहिल्याने या कुटुंबांच्या दुःखाला सरकारी मान्यता लाभली नाही.