प्वेर्तो वायार्ता : किनाऱ्यावरचा एक निवांत दिवस

सागरी सफरीत जहाज बंदराला लागले, की प्रवाशांची एकच धांदल उडते. हाती जेमतेम १०-१२ तास असतात आणि पाहावयाच्या स्थळांची यादी हातभर लांब! मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्वेर्तो वायार्ता येथे उतरताना आम्ही ती यादी जहाजावरच ठेवली. दिवसभर पायी हिंडावे, दमल्यावर सावलीत बसावे, एवढाच बेत होता. आठ वर्षांचा नातू मात्र रुसला होता. तलावात कोंडलेल्या डॉल्फिनांसोबत पोहण्याची सहल आम्ही नाकारली होती.

हालिस्को राज्यातील हे शहर बांदेरास उपसागराच्या कुशीत वसले आहे. पाठीशी सिएरा माद्रेचे हिरवे डोंगर, पुढ्यात प्रशांत महासागर. कोकणची आठवण व्हावी अशीच ही भूमी. अक्षांशही डहाणूच्या किंचित उत्तरेचे. १८५१ साली वसलेल्या या वस्तीचे जुने नाव लास पेन्यास. हालिस्कोचे गव्हर्नर इग्नासियो वायार्ता यांच्या स्मरणार्थ १९१८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. १९६३ मध्ये जॉन ह्यूस्टन यांनी जवळच्या मिस्मालोया येथे ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रीकरण केले आणि या शांत गावाकडे जगाचे लक्ष वळले.

मालेकोन हा समुद्रालगतचा पादचारी मार्ग म्हणजे गावाचे अंगणच. एकही वाहन नाही, त्यामुळे वृद्धांनी रमतगमत चालावे आणि मुलांनी मनसोक्त बागडावे. सागरी घोड्यावर स्वार झालेल्या मुलाचा कांस्य पुतळा येथील मानचिन्ह ठरला आहे. जवळच ग्वादालुपे मातेच्या चर्चचा मुकुटधारी मनोरा दिसतो. कडेला वीचोल आदिवासी कारागीर बारीक रंगीत मणी मेणावर बसवून हरीण, सूर्य, मका यांच्या आकृती साकारतात.

शाकाहारी कुटुंबाला येथे उपाशी राहावे लागत नाही. विचारपूस मात्र हवी. तांबूस भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात आणि घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. ‘सिन कार्ने, सिन मांतेका’, म्हणजे ‘मांस नको, चरबी नको’, हे शब्द पाठ असावेत. मक्याच्या ताज्या पोळ्या, निवडुंगाची भाजी, लिंबू-तिखट लावलेली फळे यांवर आमचे जेवण उत्तम झाले. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची मूळची याच प्रदेशातली. घोलवडच्या चिकूचे मूळही इकडचेच. ‘चिकोसापोते’ या येथील नावातूनच ‘चिकू’ हा शब्द आला.

नोव्हेंबर महिना असल्याने सायंकाळी कासवांची पिल्ले समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम होता. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे. एकेकाळी कातडे, मांस आणि अंडी यांसाठी मेक्सिकोत त्यांची अमाप कत्तल होत असे. १९९० मध्ये सरकारने सागरी कासवांच्या शिकारीवर व व्यापारावर बंदी घातली. कत्तलीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या वाहाका राज्यातील मासुंते गावी पुढे कासवांचेच अभ्यासकेंद्र उभे राहिले. वायार्ताच्या किनाऱ्यावरही आता स्वयंसेवक अंडी सुरक्षित जागी हलवतात आणि सुमारे दीड महिन्याने बाहेर पडणारी पिल्ले मावळतीला सोडतात.

पिल्लाला उचलून पाण्यात नेऊ का, असे नातवाने विचारले. स्वयंसेविकेने हसून मान हलवली. हाताचा स्पर्श नको, प्रकाशझोत नको. वाळूवरचा मार्ग त्याचा त्यानेच चालायचा. तळहाताहूनही लहान तो जीव दोनदा लाटेने मागे लोटला गेला आणि तिसऱ्या लाटेबरोबर दिसेनासा झाला. नातू बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा होता. मग हळूच म्हणाला, “आजी, त्या डॉल्फिनांनाही असंच जायचं असेल ना?” आम्हाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असे म्हणतात. म्हणूनच प्रत्येकाला निर्विघ्न वाट मिळणे महत्त्वाचे. याच जातीची कासवे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावरही येतात. तेथे २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने त्यांचे रक्षण होत आहे. वाचकांनी उन्हाळ्याच्या प्रारंभी मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. चार पावले मागे उभे राहून एखाद्या जिवाला त्याच्या वाटेने जाऊ देण्यातला आनंद मुलांना तेथे सहज कळेल.